मिरजेत गिटार ऐकताना

गिटारच्या सहा तारा जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. प्रत्येक तार आधीच्या तारेचा मध्यम असते. ई षड्ज धरला तर ए हा मध्यम, ए षड्ज धरला तर डी हा मध्यम. जी आणि बी यांच्यापाशी मात्र हा क्रम मोडतो, तिथे मध्यमाऐवजी गंधाराचं अंतर येतं. का, ते पहिल्या धड्यात कुणी सांगत नाही. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. नियमात एकच अपवाद दिसला की त्याचं कारण कळल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही.

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तिची गिटार मिरजेच्या घरी राहिली. निवृत्त झाल्यावर ती मी हातात घेतली. लहानपणी पेटीच्या परीक्षा दिल्या होत्या, कान तंबोऱ्यावर पोसलेला होता, त्यामुळे वाटलं होतं की निम्मं अंतर आधीच कापलेलं आहे. मग मोबाइलवर ‘गिटार कशी शिकावी’ असं शोधलं आणि समोर जे उघडलं त्यात मी कित्येक आठवडे वाट शोधत राहिले.

एक माणूस सांगतो, डाव्या हाताचा अंगठा दांडीच्या मागे मधोमध हवा. दुसरा तितक्याच खात्रीने तो दांडीवरून पुढे आणून दाखवतो आणि सुंदर वाजवतो. कुणी म्हणतो पिकने सुरुवात करा, कुणी म्हणतो बोटांनी. टॅब वाचा, टॅब वाचू नका. आधी थिअरी शिका, थिअरीच्या नादी लागू नका. कॅपो, बार कॉर्ड, पेंटॅटॉनिक, ड्रॉप डी, हमबकर, लेटन्सी. एक व्हिडिओ संपायच्या आत शेजारी दहा नवे उभे राहतात आणि प्रत्येकात काहीतरी असं दिसतं की ते आपल्याला आधीच यायला हवं होतं. माझ्या वयाच्या माणसाला शिकायची भीती वाटत नाही. कुणाकडून शिकायचं हेच कळत नाही, ही अवस्था मात्र मला नवी होती. आमच्याकडे गुरू एक असतो आणि बहुधा तो गल्लीतलाच असतो.

या गर्दीत जो पहिला माणूस माझ्यासाठी थांबला, तो जस्टिन सँडरको. मूळचा ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा, पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला. 2003 मध्ये, यूट्यूब जन्माला यायच्याही आधी, त्याने आपले धडे संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. नवशिक्यांचा पूर्ण अभ्यासक्रम तिथे आजही फुकट आहे आणि मुख्य म्हणजे त्याला क्रम आहे. एक धडा झाला की दुसरा कोणता, हे तो सांगतो. त्या एका गोष्टीने माझ्या जिवाला केवढी स्वस्थता मिळाली ते सांगता येत नाही.

त्याच्या शिकवण्यातला एक बारकावा मला फार आवडला. तो ए कॉर्ड सर्वसाधारण पुस्तकांत असते तशी शिकवत नाही. पहिलं बोट तो तिसऱ्या तारेवर, दुसऱ्या पट्टीत म्हणजे फ्रेटमध्ये ठेवायला लावतो. डी कॉर्डमध्येही पहिलं बोट नेमकं तिथेच असतं. म्हणजे ए वरून डी वर जाताना ते बोट उचलायचंच नाही, बाकीची दोन त्याच्याभोवती फिरवायची. ई कॉर्डला तेच बोट त्याच तारेवर एक पट्टी मागे सरकतं. तीन कॉर्ड आणि एक बोट कायम एकाच तारेवर. गणितात याला आपण अचल बिंदू म्हणू. मग तो ‘एक मिनिटाचे बदल’ नावाचा सराव देतो. घड्याळ लावायचं, दोन कॉर्डमध्ये ये-जा करायची, मिनिटात किती बदल झाले ते मोजून वहीत लिहायचं. साठपर्यंत पोहोचलं की ती जोडी गाण्यात वापरायला तयार. आवाज स्वच्छ येतो का, याची काळजी त्या मिनिटापुरती बाजूला ठेवायची. आपल्याकडे पलटे घोटतात त्याच जातीचा हा सराव आहे, आणि तो करताना मला पहिल्यांदा या वाद्याशी ओळख असल्यासारखं वाटलं.

जी आणि बी यांचं कोडंही पुढे सुटलं. सगळ्या तारा मध्यमाच्या अंतराने लावल्या तर शेवटची तार ई न येता एफ येते, पहिली आणि शेवटची तार एकमेकींशी भांडतात, आणि सहाही तारांवर बोटं बसवून कॉर्ड धरणं फार अवघड होतं. मध्ये एक अंतर कमी केलं की दोन्ही टोकांना ई मिळतो. अपवाद हाताच्या सोयीसाठी आहे. हे कळल्यावर मी पुढे गेले.

पण दुसरं कोडं जास्त खोल होतं, आणि ते मिरजेच्या माणसालाच पडावं असं होतं. आमच्या गावात एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे आणि सतारी बनतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी हे काम हाती घेतलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारं गाणं ऐकत आम्ही मोठे झालो. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तो कुणी छेडत नाही. तो गंधार माझ्या कानात कायमचा बसलेला आहे. आणि गिटारवर ई कॉर्ड वाजवली की त्यातला गंधार मला चढा लागायचा. ट्यूनर हिरवा दिवा दाखवायचा, तरी चढा. मी तिसरी तार जराशी उतरवायची, ई कॉर्ड गोड व्हायची आणि जी कॉर्ड बिघडायची. परत चढवायची, की ई बिघडायची.

उत्तर मिळालं ते गिटारच्या चॅनलवर मिळालं नाही, ‘मिनिटफिजिक्स’ या विज्ञानाच्या चॅनलवर मिळालं. पियानो अचूक लावणं अशक्य का आहे, यावर त्यांचा एक छोटासा व्हिडिओ आहे, हाताने काढलेल्या चित्रांचा. शुद्ध गंधाराचं षड्जाशी प्रमाण 5 : 4, म्हणजे 1.25. पियानो आणि गिटार मात्र सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतात, आणि त्या हिशेबाने गंधार सुमारे 1.26 वर जातो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर हा फरक चौदा भागांचा. कान चुकत नव्हता. ई कॉर्डमध्ये तिसऱ्या तारेवर गंधार वाजतो, जी कॉर्डमध्ये तीच तार मोकळी वाजते आणि षड्ज होते. एकाच तारेला दोन्ही नात्यांत पूर्ण खरं राहता येत नाही. बाराही स्वरांवरून हवी ती कॉर्ड वाजवता यावी म्हणून पाश्चात्त्य वाद्यांनी प्रत्येक कॉर्डमध्ये थोडी थोडी अशुद्धता वाटून घेतली. हे कळल्यापासून मला तो गंधार खटकत नाही असं नाही, पण त्याने काय सोडलं आणि काय मिळवलं ते ऐकू येतं.

याच सुमारास ॲडम नीलीचा एक लांबलचक व्हिडिओ पाहिला. हा न्यूयॉर्कचा बास गिटारवादक, बोलतो भराभर, आणि त्याचे निम्मे व्हिडिओ अजून माझ्या डोक्यावरून जातात. 2020 च्या सप्टेंबरमधला हा व्हिडिओ मात्र मी थांबवत, मागे नेत, पूर्ण ऐकला. फिलिप युएल या संगीताच्या प्राध्यापकाने अमेरिकी विद्यापीठांतल्या थिअरीवर जी टीका केली, तिचा धागा धरून नीली म्हणतो की ज्याला जगभर ‘म्युझिक थिअरी’ म्हणून शिकवलं जातं ती खरं तर अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीतकारांची स्वरसंवादाची एक पद्धत आहे, सगळ्या संगीताचं शास्त्र नव्हे. आणि त्यात तो अनुजा कामत या हिंदुस्थानी गायिकेशी बोलतो. आपल्या रागसंगीतावर इंग्रजीतून सोप्या, नेमक्या शब्दांत बोलणारं तिचं स्वतःचं चॅनल आहे. दोघांचं संभाषण ऐकताना मला एकदम बळ आलं. इतके दिवस मी कॉर्डच्या पायरीवरून माझ्या रागांकडे पाहत होते आणि तिथून ते अपुरे दिसत होते. आता दोन्हीकडे आपापल्या जागी उभं राहून पाहता येऊ लागलं. गिटार शिकणाऱ्या मराठी मुलांनी अनुजा कामतचं चॅनल जस्टिनच्या बरोबरीने ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

पॉडकास्ट हा प्रकार मला मुलीने लावून दिला. बोटांची कातडी सोलून निघाली होती, दोन दिवस गिटार धरता येत नव्हती, तेव्हा ती म्हणाली, “आई, वाजवू नकोस, नुसतं ऐक.” आणि तिने ‘साँग एक्सप्लोडर’ लावून दिलं.

हृषिकेश हिरवे हा भारतीय आईवडिलांचा, अमेरिकेत वाढलेला मुलगा, स्वतः गाणी करणारा. 2014 च्या जानेवारीत त्याने हा पॉडकास्ट सुरू केला. एक कलाकार, एक गाणं. गाण्याच्या ध्वनिमुद्रणातले वेगवेगळे थर सुटे करून ऐकवायचे आणि तो थर कुठून आला ते कलाकाराने सांगायचं. हिरवे मुलाखत घेतो, पण संपादन करताना स्वतःचे प्रश्न जवळपास सगळे काढून टाकतो. उरतो तो फक्त करणाऱ्याचा आवाज आणि गाण्याचे तुकडे. एकटा ड्रम, मग त्याखालचा बास, मग कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फोनवर गुणगुणलेली पहिली ओळ. शेवटी संपूर्ण गाणं सलग वाजतं.

माझ्यासाठी हा पॉडकास्ट म्हणजे ऐकण्याची दुसरी शाळा ठरला. मैफलीत आपण एक आवाज, एक वाद्य आणि ठेका ऐकतो. साथ मुख्य आवाजाच्या मागे चालते, लक्ष कुठे द्यायचं ते आपल्याला ठाऊक असतं. इंग्रजी गाण्यात मला सगळं एकदम ऐकू यायचं, एक जाडसर भिंतच. हिरवेच्या काही भागांनंतर त्या भिंतीतले थर वेगळे होऊ लागले. डाव्या कानात एक गिटार आहे, उजव्या कानात दुसरी, आणि त्या दोघी एकच गोष्ट वाजवत नाहीत. बास गाण्याच्या खाली नुसता पडून नाही, तो कॉर्ड बदलायच्या अर्धी मात्रा आधीच निघतो. हे एकदा ऐकू आलं की जुन्या, पाठ असलेल्या गाण्यांतही ऐकू यायला लागतं. मी भाजी निवडताना भीमसेन जोशींऐवजी परक्यांची ड्रमची रेकॉर्डिंगं ऐकत बसते, याचं घरच्यांना अजून नवल आहे.

2020 मध्ये नेटफ्लिक्सवर याची मालिका आली. त्यातला आर.ई.एम. या बँडच्या ‘लूझिंग माय रिलिजन’वरचा भाग मी नवशिक्या प्रत्येकाला पाहायला सांगते. 1991 सालचं हे गाणं जगभर गाजलं. त्याची ओळखीची धून पीटर बक या गिटारवादकाला मिळाली ती मँडोलिनवर, आणि मँडोलिन तो तेव्हा नुकतीच शिकत होता. टीव्हीसमोर बसून सराव चालला होता, टेप सुरू होती, आणि नंतर ऐकताना त्या चाचपडण्यातच ती धून सापडली. सवय नसलेल्या हाताने ज्या जागा शोधल्या त्या सवयीच्या हाताला बहुधा सुचल्या नसत्या. हे ऐकून मी त्या संध्याकाळी माझा सराव फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवला आणि तेव्हापासून रोज ठेवते.

मला फार वाटतं की मराठीतही असा पॉडकास्ट व्हायला हवा. 1973 च्या ‘यादों की बारात’मधल्या ‘चुरा लिया’ची सुरुवात आठवा, काचेवरचा तो किणकिणता आवाज आणि मागोमाग येणारी भूपिंदर सिंग यांची गिटार. आपल्या मराठी भावगीतांतही असे किती तरी वादक आणि संगीत संयोजक आहेत ज्यांची नावं तबकडीवर छापली गेली नाहीत. त्या काळी गायक आणि वादक एकत्र बसून गाणं मुद्रित करत, त्यामुळे हिरवे काढतो तसे थर पुष्कळदा वेगळे काढताच येणार नाहीत. ते थर आता फक्त वाजवणाऱ्यांच्या आठवणीत उरले आहेत आणि ती माणसं वयस्क होत चालली आहेत. कुणीतरी माइक घेऊन त्यांच्या घरी जावं. मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात, गोव्यात.

रिक बिआटोकडे मी उशिरा वळले. पांढऱ्या केसांचा, उत्साहाने भरलेला हा अमेरिकी संगीत निर्माता. त्याचा तेव्हा लहानगा असलेला मुलगा डिलन गुंतागुंतीच्या कॉर्डमधले सगळे स्वर नुसते ऐकून ओळखतो, असा व्हिडिओ प्रचंड पसरला आणि त्यातून बिआटोचं चॅनल उभं राहिलं. एखादं गाणं थोर का आहे, यावर त्याची एक मालिका आहे. तो गाण्याचा एकेक थर ऐकवतो आणि मध्येच थांबून खुर्चीतून जवळजवळ उठतो, इतका त्याला आनंद होतो. अशा आनंदाची मला गरज होती. गाण्यांचे हक्क असणाऱ्या कंपन्यांनी त्याचे व्हिडिओ वारंवार अडवले. सहा किंवा दहा सेकंद गाणं वाजवलं तरी दावा येतो. 2020 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे त्याने याबद्दल साक्ष दिली. शिकवण्यासाठी गाण्याचा छोटा तुकडा वाजवून दाखवणं ही चोरी ठरू लागली तर शिकवायचं कसं? मला हा प्रश्न त्याच्या एकट्याचा वाटत नाही. फळ्यावर दुसऱ्याच्या पुस्तकातलं उदाहरण लिहिल्याशिवाय मी गणित तरी कसं शिकवलं असतं?

वीज गेली की मी अँड्र्यू हिकी लावते. ‘पाचशे गाण्यांतून रॉक संगीताचा इतिहास’ असा त्याचा पॉडकास्ट आहे, 2018 पासून चालू. एकटा ब्रिटिश माणूस, कागदावर लिहून आणलेलं सावकाश वाचतो, आणि एका गाण्यासाठी कधी कधी तास-दोन तास घेतो. संगीत मागे अगदी थोडं. कीर्तनाला बसलेल्या माणसाला हा वेळ लांब वाटत नाही. त्याने सुरुवात केली 1939 च्या ‘फ्लाइंग होम’पासून. बेनी गुडमनच्या सहाजणांच्या चमूने ते वाजवलं आणि त्यात चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण विजेवर चालणारी गिटार वाजवत होता.

तोपर्यंत गिटार मोठ्या वाद्यवृंदात ठेका धरण्यापुरती असे. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्यामध्ये तिचा आवाज पोहोचतच नसे. गिब्सन कंपनीने 1936 मध्ये बाजारात आणलेली ईएस-150 ही गिटार ध्वनिवर्धकाला जोडून ख्रिश्चनने सॅक्सोफोनसारख्या लांब, सलग ओळी वाजवल्या. आज यूट्यूबवर जितके गिटारवादक आहेत ते सगळे कुठे ना कुठे त्याच्या ऋणात आहेत. 1942 मध्ये तो न्यूयॉर्कमधल्या एका सॅनेटोरियममध्ये क्षयाने गेला. पंचवीस वर्षांचा होता. क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडलं त्याच्या पुढच्या वर्षी. वानलेसवाडीचं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम आमच्या घरापासून लांब नाही. ‘सॅनेटोरियम’ हा शब्द आमच्या आधीच्या पिढीने ज्या आवाजात उच्चारलेला आम्ही ऐकला आहे, तो आवाज मला तो भाग ऐकताना आठवला आणि मी उरलेला भाग दुसऱ्या दिवशी ऐकला.

उपकरणांच्या चॅनलांबद्दल थोडक्यात सांगते, कारण नवशिक्याला त्यांची घाई नाही. ‘दॅट पेडल शो’मधले डॅन आणि मिक हे दोघे इंग्लंडमधले स्नेही गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या पेट्यांवर तासन्‌तास बोलतात, वाजवतात, एकमेकांचं ऐकून घेतात. मला त्यातलं तंत्र फारसं कळत नाही, पण दोन माणसं एका आवाजाकडे इतकं लक्ष देतात हे बघायला बरं वाटतं. टोरोंटोचा अँड्र्यू हुआंग चार संगीतकारांना एकच ध्वनीचा तुकडा देतो आणि चौघं त्यातून चार निराळी गाणी करतात. एकच बंदीश चार घराण्यांकडून ऐकल्याचं सुख त्यात आहे.

जिम लिलने मात्र मला हलवून सोडलं. हा नॅशव्हिलचा गिटारवादक. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज नेमका कुठून येतो, हे त्याने एकेक भाग बदलून तपासलं. लाकूड बदललं, दांडी बदलली, आणि शेवटी गिटारच काढून टाकली. तारा दोन बाकांच्या मध्ये हवेत ताणल्या, खाली पिकअप ठेवला आणि वाजवून दाखवलं. आवाज जवळजवळ तोच! मिरजेत वाढलेल्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो. आमच्याकडे तंबोऱ्याचा भोपळा कुठल्या मातीतला, तो किती वाळला, तबलीची जाडी किती, यावर आयुष्यं गेली आहेत. मग शांतपणे विचार केला. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तारेची वेटोळी. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात विजेचा प्रवाह निर्माण होतो. पिकअप लाकडाला ऐकत नाही, तारेला ऐकतो. तंबोऱ्यात आणि माझ्या साध्या गिटारीत मात्र तार लाकडाला हलवते आणि लाकूड हवेला. दोन वेगळी वाद्यं, दोन वेगळी उत्तरं. लिलने मत दिलं नाही, प्रयोग केला, म्हणून मला तो पटला.

आणि आता माझा सर्वांत आवडता, टेड वुडफर्ड. कॅनडातल्या हॅमिल्टनचा गिटार दुरुस्त करणारा कारागीर. त्याच्या व्हिडिओत बहुतेक वेळ फक्त बाक, हत्यारं आणि हात दिसतात. कुणाची तरी साठ वर्षांची गिटार येते, तारांच्या ओढीने दांडी पुढे वाकलेली असते. सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या आसपास असतो, वर्षानुवर्षं तो दांडीवर काम करतो. वुडफर्ड सांध्यात वाफ सोडतो, जुना सरस सैल करतो, दांडी सोडवतो, तिचा कोन पटाशीने कागदाएवढा तासतो आणि पुन्हा बसवतो. बोलणं मोजकं, संथ.

आमच्या मागच्या आळीत तंबोरे बनवणारे चाचा राहतात. एका रविवारी ते घरी आले असताना मी हा व्हिडिओ लावला. त्यांना इंग्रजी येत नाही. वुडफर्ड पट्ट्यांवर कानस फिरवत होता, कारण एका पट्टीला तार घासून झर्र असा आवाज येत होता. चाचा पुढे सरकून बसले.

“बाई, जरा मागं घ्या की.”

मी मागे घेतलं.

“ह्यो आवाज काढून टाकतोय का त्यो?”

“हो चाचा, त्यांच्याकडे तो दोष.”

चाचांनी मान हलवली. आमच्याकडे तंबोऱ्याच्या घोडीचा माथा अगदी थोडा उतरता घासतात, तार तिला हलकेच स्पर्श करत राहावी म्हणून. त्यातून जो झणकार उठतो ती जवारी. घोडीवर, तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती उघडायची किंवा बंद करायची. म्हणजे तो माणूस जे घालवण्यासाठी कानस चालवत होता, तेच आणण्यासाठी चाचांनी हयात घालवली. पण हात दोघांचे सारखेच चालतात, घासायचं, तार चढवायची, कान लावायचा, परत उतरवायची. चाचांना दुभाषा लागला नाही. कुठे जास्त घासलं जाईल हे ते वुडफर्डच्या आधी सांगत होते.

पुढच्या व्हिडिओत वुडफर्डने प्लॅस्टिकचा नट काढून हाडाचा बसवला. दांडीच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात, ती म्हणजे नट. खाच खुंट्यांच्या बाजूला उतरती हवी, तार खाचेत साधारण अर्धी बुडायला हवी, आणि मुख्य म्हणजे खाच उंच राहिली तर पहिल्या पट्टीत तार दाबायला जोर लागतो. हे ऐकून मी व्हिडिओ थांबवला. एफ ही बार कॉर्ड पहिल्या पट्टीतच असते. एक बोट आडवं टाकून सहाही तारा दाबायच्या. कितीही सराव केला तरी माझी एफ बसत नव्हती, सगळी चॅनलं धीर धरा म्हणत होती. चाचांनी माझी गिटार उचलून डोळ्यासमोर आडवी धरली, दांडीवरून नजर टाकली आणि म्हणाले, “लई उंच हाय हे. कुणाचंबी बोट दुखंल.”

घोडीसाठी आणलेल्या उंटाच्या हाडाचा तुकडा त्यांच्याकडे होता. त्यांनी दोन दिवस गिटार ठेवून घेतली. नट कापला, खाचा बारीक कानसीने पाडल्या आणि दर खाचेला मला हाक मारून व्हिडिओतली ती जागा पुन्हा पुन्हा लावायला लावली. जी तार लावताना पूर्वी खाचेत अडकून टिंग करून सुटायची, ती आता सरळ सरकते. एफ पूर्ण स्वच्छ वाजते असं म्हणणार नाही, दुसरी तार अजून दबकी येते, पण बाकीच्या पाच बोलतात. चाचांनी पैसे घेतले नाहीत. आता त्यांना ती वाफेने दांडी सोडवायची रीत नीट पाहायची आहे, म्हणून रविवारी येणार आहेत, आणि सोबत मुलालाही आणणार आहेत.